नऊ नंबरला मोकळी सोडा

सोळा वर्षांखालच्या मुलींचा राष्ट्रीय बास्केटबॉल संघ परदेशातून सोळा संघांत तेरावा येऊन परतला. त्यानंतर चौथ्या दिवशी फेडरेशनच्या सचिवांनी टिपणबाईंना बोलावून घेतलं.

फेडरेशनचं ऑफिस स्टेडियमच्या पायऱ्यांखाली होतं, त्यामुळे छत तिरकं होतं. दाराशी माणूस ताठ उभा राहायचा आणि चार पावलं आत गेला की मान खाली घालायचा. सचिवांचं टेबल अर्थातच उंच बाजूला होतं. बाईंना मात्र नेहमी छत उतरत गेलेल्या बाजूची खुर्ची मिळायची, स्टीलच्या कपाटाजवळची. त्या कपाटात बाईंनी एकोणतीस वर्षांत लिहिलेले अहवाल होते. त्यातला एखादा कुणी परत बाहेर काढल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

"बाई, अहवाल आठ दिवसांत हवा," सचिव म्हणाले. "गुरुवारी समितीची बैठक आहे. या खेपेला जरा नेमकं लिहा."

"नेमकं म्हणजे?"

"म्हणजे काय झालं ते सगळ्यांनी बघितलंच आहे. तो व्हिडिओ माझ्या मेहुणीनेसुद्धा मला पाठवलाय. दोन गुणांनी आपण पुढे, बारा सेकंद राहिलेत, आणि ती अकरा नंबर समोरच्या पोरीला उघडी सोडून लांब उभी. तिथेच गेलो आपण. पहिल्या आठांत असतो."

सात सामने पुन्हा बघितल्याशिवाय बाई कुठल्याच सामन्याबद्दल बोलत नसत. त्यांनी पेन ड्राइव्ह घेतला, सहीच्या वहीत सही केली आणि उठताना सवयीने डोकं वाकवलं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आणि पासपोर्टवर होतं, पण मैदानावर ते कुणी वापरत नसे. शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून लागल्या तेव्हा एका स्पर्धेत गुणलेखक आला नाही म्हणून त्यांना टेबलाशी बसवलं होतं. त्यांनी नुसते गुण लिहिले नाहीत. कोणी कुठून बॉल टाकला, कोणाच्या हातून सुटला, कोण पळताना डावीकडेच वळते, हे सगळं पेन्सिलीने टिपून ठेवलं. तेव्हापासून त्या टिपणबाई झाल्या. स्पर्धेचे अधिकृत आकडे आता क्षणात फोनवर येतात. पण अमकी दमली की पास छातीऐवजी गुडघ्याकडे जातो, हे फोन सांगत नाही. ते बाईंच्या वहीत असायचं. मागच्या वर्षी त्या शाळेतून निवृत्त झाल्या, गुडघे त्याच्याही आधी निवृत्त झाले होते, तरी संघाबरोबर जाणं सुटलं नव्हतं.

घरी त्यांनी जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप मांडला. त्यांचे यजमान एका दैनिकात मुद्रितशोधक होते. आता घरी बसून औषधाच्या बाटल्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत. त्यांनी भाजीची परात उचलून ओट्यावर नेली.

"किती दिवस चालणार?" त्यांनी विचारलं.

"सात सामने. प्रत्येक दोनदा बघायचा."

"म्हणजे आठवडाभर आपण उभ्याने जेवायचं."

पहिले चार दिवस जे दिसलं ते बाईंना जवळजवळ पाठ होतं. पहिल्या अर्ध्यात मुली बरोबरीने खेळत होत्या. सातपैकी पाच सामन्यांत मध्यंतराला त्या पुढे होत्या किंवा तीन-चार गुणांनी मागे. तिसऱ्या क्वार्टरपासून पाय जड व्हायचे. रिंगला लागून उडालेला बॉल समोरच्या मुली उडी मारून घ्यायच्या आणि आपल्या मुली हात वर करून नुसत्या बघायच्या. शेकडा एक्कावन्न फ्री थ्रो आत गेले होते, आणि चुकलेल्यांतले बहुतेक शेवटच्या दहा मिनिटांतले होते. कौशल्याचा प्रश्न थोडा होता, दमाचा जास्त होता. सराव शिबिर अठरा दिवसांचं ठरलं होतं, ते नऊ दिवसांवर आलं. परवानगीचे कागद अडकल्यामुळे संघ पहिल्या सामन्याच्या फक्त तीस तास आधी पोहोचला. तिसऱ्या दिवशी तीन मुलींना ताप भरला, तेव्हा सोबत फिजिओ नव्हती. तिची जागा ऐनवेळी समितीच्या एका सदस्याला गेली होती. ते गृहस्थ दोन सामन्यांना आले, उरलेले दिवस शहर बघत होते.

यातलं बरंचसं त्यांनी याआधीही लिहिलं होतं. वर्ष बदलायचं, मुली बदलायच्या. एका संध्याकाळी त्यांनी सहा वर्षांपूर्वीच्या अहवालाची प्रत काढली आणि त्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा उतरवता येईल हे पाहून त्या काही वेळ नुसत्या बसून राहिल्या. दु:ख झालं असंही नाही. खूप चालून आल्यावर चपला काढायचाही कंटाळा येतो, तसं झालं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी तो सामना लावला. गटातले तीन सामने झाल्यावरचा हा चौथा. जिंकणारा संघ पहिल्या आठांत जाणार होता, हरणारा खालच्या आठांत. अठ्ठावन्न-छप्पन्न आपण पुढे. बारा सेकंद उरलेले. फोनोफोनी फिरणारी चित्रफीत इथून सुरू व्हायची. समोरच्या संघाने बॉल आत घेतला, एक मुलगी रिंगकडे घुसली, तिला अडवायला आपली अकरा नंबर दोन पावलं आत सरकली आणि कोपऱ्यात समोरची नऊ नंबर एकटी उरली. पास तिच्याकडे आला. तिने घाई न करता बॉल टाकला. तीन गुण. एकोणसाठ-अठ्ठावन्न.

अकरा नंबरला मुली भिंगरी म्हणत. संघात सगळ्यांत बुटकी आणि एका जागी न टिकणारी. ती अशी चुकणाऱ्यातली नव्हती, म्हणून बाईंनी सामना थोडा मागे नेला, त्याआधीच्या टाइमआउटपर्यंत. फिरणाऱ्या चित्रफितीत हा भाग नव्हता.

कॅमेऱ्याने आपला बेंच दाखवला. मुली घामाने निथळत उभ्या होत्या. भिंगरी कोचला काहीतरी विचारत होती आणि विचारताना तिने दोन्ही हातांची बोटं वर केली, नऊ. कोचने मान वळवली. मागे वही घेऊन बसलेल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईकडे तिने पाहिलं. त्या बाईने मांडीवरच्या कागदावर बोट ठेवलं आणि काहीतरी सांगितलं. आवाज येत नव्हता, पण ओठ स्पष्ट दिसत होते. बाईंना स्वत:चे ओठ वाचायला वेळ लागला नाही. एकोणीसपैकी दोन.

त्यांनी उठून पिशवीतून तो कागद काढला. प्रत्येक सामन्याआधी त्या समोरच्या संघाचा एक पानी कागद करून मुलींना देत. त्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'नऊ नंबर. बाहेरून एकोणीसपैकी दोन. मोकळी सोडा, आत मदत करा.' त्याच्या वर : 'आठ नंबर. बाहेरून सतरापैकी आठ. क्षणभरही सोडू नका.'

मग त्यांनी मूळ वही उघडली, जिच्यात समोरच्या संघाचे गटातले सामने बघताना पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. आठ नंबरच्या पुढे एकोणीस रेघा होत्या आणि त्यांतल्या दोनच गोल केलेल्या. नऊ नंबरच्या पुढे सतरा, आठ गोल केलेल्या. त्यांनी पट्टी लावून बघितलं. चष्मा पुसून बघितलं. बोट ठेवून तिसऱ्यांदा मोजलं. उतरवून घेताना ओळ चुकली होती. आठची नऊला आणि नऊची आठला.

कागद कधी केला तेही त्यांना आठवलं. तापातल्या तीन मुलींच्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलून झाल्यावर, सकाळी हॉलकडे जाणाऱ्या बसमध्ये, मांडीवर वही ठेवून. एरवी त्या अधिकृत आकड्यांशी कागद ताडून बघत. त्या दिवशी बघितला नव्हता.

दुपारी यजमान वाढायला उठले तेव्हा लॅपटॉप बंद होता आणि बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"झालं काम?"

"अहो, ती मुलगी चुकली नाही. मी चुकले."

त्यांनी कागद आणि वही शेजारी शेजारी ठेवली. यजमानांनी चष्मा लावला आणि सवयीने डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं. त्यांना अर्धं मिनिट लागलं.

"ओळ घसरली," ते म्हणाले.

"हो."

"आणखी कुणाला कळलंय?"

"मला कळलंय."

चष्मा काढत ते म्हणाले, "तुझ्या जागी आमचा संपादक असता, तर त्याने 'माहिती संकलनात काही तफावत आढळली' असं लिहिलं असतं. त्यात कुणीच नसतं बघ. ना माणूस, ना हात."

"मलाही तेच सुचलं होतं आधी," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. वाढा तुम्ही. भूक नाहीये, पण वाढा."

संध्याकाळी त्यांनी कोचला फोन केला. कोच त्यांच्याच शाळेत शिकलेली, त्यांच्याच हाताखाली पहिला बॉल धरलेली. आता अडतिशीची, एका मुलाची आई, आणि तिची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही हे त्याच गुरुवारी ठरणार होतं.

"अगं, तो आठ-नऊचा कागद..." बाईंनी सुरुवात केली.

कोच म्हणाली, "मला माहीत आहे, बाई."

"कधीपासून?"

"त्याच दुपारी. हॉटेलवर गेल्यावर फोनवर आकडे बघितले."

"आणि तू बोलली नाहीस."

"कशी बोलणार? तीन रात्री तुम्ही पाठ टेकली नव्हती. म्हटलं, आता यांना हे कुठे सांगू. पण हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की नऊ नंबरने त्याआधी तीन टाकले होते माझ्या डोळ्यांदेखत. कोच मी आहे. कागद कसाही असो, मला दिसायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर आपण दोघीही गेलो असतो, बाई."

"म्हणून ती पोर गेली."

"ती पंधराची आहे. लोक विसरतील असं वाटलं मला."

बाई रागावल्या नाहीत. रागवायला अंगात जोर लागतो. त्यांनी एवढंच सांगितलं, "मी लिहिणार आहे. तुझ्याबद्दल काय लिहायचं ते तू ठरव आणि तूच सांग. मी फक्त माझं लिहिते."

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून त्या भिंगरीच्या घरी गेल्या. खाली तिच्या वडिलांचं सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं, वर दोन खोल्या. वडील मशीनवरून उठले, हाताला चिकटलेला फोम झटकला आणि बाईंकडे बघत राहिले. त्यांनी बसा म्हटलं, पण आवाजात बसा नव्हतं.

"मॅडम, आता आणखी काय राहिलंय? वर्गातली पोरं तिला बघून दोन पावलं बाजूला सरकतात आणि हसतात. बॉल माळ्यावर टाकलाय तिने."

"मला तिच्याशी बोलायचंय. तुम्हीही ऐका."

भिंगरी खाली आली. अंगावर घरातला सैल टी-शर्ट, केस न विंचरलेले. ती दुकानात रचलेल्या सीटांच्या ढिगाला टेकून उभी राहिली. बाईंनी वही आणि कागद कापायच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. बसमध्ये कागद केल्याचं सांगितलं, तापाचं सांगितलं नाही. टाइमआउटमध्ये आपणच बोललो हेही सांगितलं.

"तू बरोबर खेळलीस. तुला जे सांगितलं ते केलंस. चूक माझी आहे."

आपल्याला काय अपेक्षित होतं ते बाईंना नंतरही नीट सांगता आलं नाही. मुलगी रडेल, किंवा हलकी होईल, असं काहीतरी असावं. भिंगरीने कागदाकडे बघितलंही नाही.

"मला माहीत होतं ती टाकते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिल्या क्वार्टरपासून दिसत होतं. हात कसा सरळ जात होता तिचा. म्हणून तर विचारलं ना मी, नऊला धरू का? तुम्ही म्हणालात एकोणीसपैकी दोन. मग मी माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही ठेवला. कागदावर होतं म्हणून ऐकलं."

दुकानात मशीनचा पट्टा उगाच फिरत होता. वडिलांनी तो बंद केला.

"मी बरोबर खेळले नाही, बाई," भिंगरी म्हणाली. "मला दिसत होतं आणि मी सोडली. सगळे म्हणतात ती लक्ष नव्हतं म्हणून चुकली. माझं लक्ष होतं."

बाईंनी मान हलवली. एकोणतीस वर्षं त्या मुलींना कागद देत आल्या होत्या, आणि कागद हातात घेतलेल्या मुलीला काय दिसतंय हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना त्या कापडाच्या तुकड्यांमध्ये उभं राहून समजली. समजली म्हणून बरं वाटलं असं मुळीच नाही.

"हे असं मी लिहू का?" त्यांनी विचारलं. "तुला आधी दिसलं होतं आणि तू विचारलं होतंस, हे?"

भिंगरीने वडिलांकडे बघितलं. "लिहा," ती म्हणाली. "पण बिचारी वगैरे लिहू नका."

वडिलांनी बाईंना बस थांब्यापर्यंत सोडलं. वाटेत ते एकच बोलले. "तुम्ही आलात ते ठीक झालं. उशिरा आलात, पण आलात."

गुरुवारी बैठक झाली. तिरक्या छताखाली समितीचे पाच पुरुष, एक बाई सदस्य आणि एक पंखा. अहवाल अकरा पानांचा होता. पहिल्याच पानावर ओळ कशी चुकली, कुणी चुकवली, टाइमआउटमध्ये मुलीने काय विचारलं आणि तिला काय उत्तर मिळालं, हे होतं. कर्त्यासकट, सरळ वाक्यांत. पुढची पानं दमाची, शिबिराची, उशिरा पोहोचण्याची. फिजिओच्या जागेबद्दल एक वेगळं पान होतं. पहिल्या पानाशी त्याचा संबंध बाईंनी मुद्दाम जोडला नव्हता. आपली चूक तापाच्या पांघरुणात गुंडाळल्यासारखी दिसू नये असं त्यांना वाटलं.

सचिवांनी पहिलं पान दोनदा वाचलं. "बाई, हे इतकं लिहायची गरज होती का? मी नेमकं लिहा म्हणालो, ते या अर्थाने नव्हतं."

"मला दुसरा अर्थ कळला नाही," बाई म्हणाल्या.

शहर बघून आलेले सदस्य म्हणाले, "म्हणजे अख्खी स्पर्धा यांच्या एका रेघेमुळे गेली. मग उरलेल्या दहा पानांचं काय प्रयोजन?"

"तो एक सामना माझ्या चुकीने गेला. माझ्या एकटीच्याच असं नाही, पण माझं नाव त्यात आहे. उरलेले तीन पराभव सोळा, एकवीस आणि अकरा गुणांनी आहेत. ते त्या दहा पानांत आहेत."

कोच भिंतीशी बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती उठली, छत विसरली आणि डोकं आपटून घेतलं. कुणी हसलं नाही. डोक्यावर हात ठेवूनच ती म्हणाली, "कागद बाईंचा होता. सोड असं मी सांगितलं. तीन शॉट बघून झाल्यावर सांगितलं. हेही इतिवृत्तात घ्या."

निर्णय तासाभरात झाले. अकरा नंबरला पुढच्या शिबिरातून वगळायचा प्रस्ताव मागे घेतला गेला, तिला राखीव यादीत ठेवलं. कोचला एक वर्ष मिळालं, तीनऐवजी. टिपणबाईंच्या दीर्घ सेवेबद्दल आभाराचा ठराव झाला, म्हणजे पुढच्या वेळी त्यांना कुणी बोलावणार नव्हतं. फिजिओच्या जागेचं पान 'यथावकाश विचारार्थ' ठेवण्यात आलं. यथावकाश हा शब्द बाईंनी त्या खोलीत इतक्यांदा ऐकला होता, की त्यांनी निमूटपणे पाण्याचा ग्लास संपवला. मात्र बैठकीतल्या एकट्या बाई सदस्याने ते पान परत मागून घेतलं, घडी न घालता पर्समध्ये ठेवलं आणि जाताना विचारलं, "याची मागच्या वर्षांची उदाहरणं आहेत तुमच्याकडे?"

"सगळी कपाटात आहेत," बाई म्हणाल्या. "किल्ली सचिवांकडे."

घरी आल्यावर यजमानांनी काही विचारलं नाही. त्यांनी आधीच टेबल पुसून दोन ताटं मांडली होती. जेवताना बाईंनी एकेक निर्णय सांगितला, बातम्या वाचाव्यात तसा. शेवटी म्हणाल्या, "हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाही."

"काय वाटतंय?"

"झोप येतेय."

शिबिर महिन्याभराने सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी कोचचा फोन आला. राखीव यादीतली भिंगरी पहिल्या दिवशी वेळेवर आली होती. शॉट एकही धड पडत नव्हता, महिनाभर बॉलला हात लावला नव्हता म्हणून. आणि ती फार वाद घालत होती.

"प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारते, बाई. आज मी म्हटलं उजवीकडे ढकल, तर म्हणाली, ती उजवीकडेच बरी खेळते, तुम्ही बघितलं नाही का? सगळ्यांसमोर."

"मग तू काय केलंस?"

"बघितलं," कोच म्हणाली. "तिचं बरोबर होतं."

"आणि पाय कसे आहेत मुलींचे? तिसऱ्या क्वार्टरचे?"

"नऊच दिवस आहेत या खेपेलाही."

बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. मग पडदा ओढून त्या आडव्या झाल्या. यजमान बाहेरच्या खोलीत मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते आणि मधेच थांबून कुणाची तरी वेलांटी दुरुस्त करत होते. बाई थोडा वेळ ते ऐकत होत्या.